आधी बघणारे खरातदादा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या मेंटेनन्सवाल्या भावांनो आणि बहिणींनो, आपलं दुखणं एकच आहे. मशीन चालू असताना आपण कुठे आहोत हे कुणी विचारत नाही. ती थांबली की पाच मिनिटांत दहा माणसं डोक्यावर उभी राहतात. "झालं का?" या दोन शब्दांखाली आपली सारी नोकरी सरते. त्या घाईत आपण सेन्सर बदलतो, वायर जोडतो, पण बिघाड मुळात का झाला हे विचारायचंच राहून जातं. सुखदेवराव खरात यांनी ते विचारणं कधीच सोडलं नाही. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला सांगायचं आहे ते एवढंच.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बियाणे कारखान्यातल्या बंद पडलेल्या पॅकिंग मशीनसमोर. सगळे ओरडत होते आणि हे गृहस्थ हात पाठीमागे बांधून शांत उभे होते. मॅनेजर चिडले, "अहो खरात, हात लावा की!"

"सध्या डोळे लावून राह्यलो, साहेब. हाताची पाळी येईल."

मी नवा होतो. मला वाटलं, माणूस कामचुकार दिसतो. त्यानंतर त्यांच्या हाताखाली मी अर्धं आयुष्य काढलं.

दादा मूळचे केदारखेड्याचे. आई-वडील रोजाने शेतात जायचे. आयटीआय करून दादा जालन्यात आले आणि मस्तगडला स्थिरावले. आमच्या नव्या मशीनचे नकाशे आले ते इंग्रजीत. दादांनी शब्दकोश घेऊन ते महिनाभर वाचले आणि पॅनेलच्या दाराआड प्रत्येक वायरचं काम मराठीत लिहून चिकटवलं. मी म्हणालो, "दादा, सगळंच सांगून टाकलं तर तुमची किंमत काय राहील?" ते म्हणाले, "माझी किंमत राहावी म्हणून मशीन बंद ठेवू काय?"

पण ज्या प्रसंगाने मला खरा धडा दिला, तो रुक्मिणबाईंचा.

रुक्मिणबाई तीर्थपुरीच्या. ठेक्यावर कामाला, कायम दुसऱ्या, दुपारच्या पाळीत, पाकिटांच्या सरकत्या पट्ट्यावर. त्या हिवाळ्यात त्यांच्या पाळीत मशीन वारंवार थांबू लागली. सकाळच्या पाळीत बिलकुल नाही. आम्ही समोरून जाणारं पाकीट टिपणारा सेन्सर तपासायचो, तो बराबर असायचा. बदलून पाहिला, तरी तेच. शेवटी बिघाडाच्या रजिस्टरात 'कारण' या रकान्यात लिहिलं गेलं, 'ऑपरेटरची चूक'. एकदा नव्हे, तीनदा. त्यातल्या दोन नोंदी माझ्या. कामगारांच्या हक्कांसाठी गेटवर गळा फाडणारा मी, मीच त्या लिहिल्या होत्या. त्या नोंदी दाखवून ठेकेदाराच्या सुपरवायझरने बाईंना सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका."

दादा तेव्हा नुकतेच रजेवरून परतले होते. त्यांनी पाना उचलला नाही. पट्ट्याशेजारी स्टूल टाकलं आणि विचारलं, "रुक्मिणताई, तुम्हाला काय दिसतं?"

बाईंनी आधी शेजारी उभ्या सुपरवायझरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ढग असले की न्हाई थांबत, दादा. चारच्या सुमाराला ऊन पट्ट्यावर आलं की थांबती."

सुपरवायझर खो खो हसला. "मशीनला ऊन लागतं व्हय? छत्री आणू का तिला?"

"आणा," दादा म्हणाले. "जल्दी आणा."

छत्री काही आली नाही. चार वाजले. छताच्या पारदर्शक पत्र्यातून तिरपं ऊन उतरलं, थेट सेन्सरच्या डोळ्यावर, आणि मशीन थांबली. उन्हाने दिपलेल्या त्या डोळ्याला समोरून जाणारं पाकीट दिसतच नव्हतं. पाकीटच येत नाही असं समजून मशीन थांबत होती. दादांनी पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून मशीन सुरू केली. ती चालली. पुठ्ठा काढला, थांबली. पुन्हा धरला, पुन्हा चालली. आम्ही पोहोचून तपासेपर्यंत ऊन सरकलेलं असायचं, म्हणून आम्हाला सेन्सर दरवेळी निर्दोष सापडत होता.

दादांनी सेन्सरला पत्र्याची छोटी टोपी बसवली. मग रजिस्टर आणि पेन माझ्यापुढे ठेवला. "अक्षर तुझं हाय. तूच खोड."

मी खोडलं. रुक्मिणबाई कामावर राहिल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "भाषणवाले दादा, आता गेटवर हे बी सांगा की! का आवाज बसला?"

बसलाच होता. मी खूप वाचलं, खूप बोललो, अन्यायावर तर तासन्‌तास. पण माझ्या हातून झालेला अन्याय मला दिसला तो स्टुलावर बसलेल्या या माणसामुळे. त्यांनी ना मला झापलं, ना कुणाला ती गोष्ट रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी ते वेगळ्याच मशीनपुढे हात पाठीमागे बांधून उभे होते.

खरातदादांना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि रोज एखादा न सुटलेला प्रश्न त्यांच्या वाट्याला येवो, कारण त्याशिवाय त्यांना करमणार नाही.

आणि तुम्ही, माझ्या भावांनो, बहिणींनो, उद्या पाळीवर गेल्यावर एक करा. मशीन थांबली तर त्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं ते आधी विचारा, आणि त्याचं उत्तर, ते कुणी सांगितलं त्या नावासकट, 'कारण' या रकान्यात लिहा.