वांगी आणि वाइन यांच्या मधली चूळ

नाशिकजवळच्या वायनरीत ग्लास पुढे करत तिथली मुलगी म्हणाली, “काका, ही रेड वाइन भरल्या वांग्यांबरोबर घेऊन बघा.”

मला हसूच आलं. आमच्या घरी या दोघांची कधी गाठ पडली नाही. मी बाल्कनीत ग्लास संपवायचो आणि बायको आतून ओरडायची, “आधी चूळ भरा, मगच पानावर या!” तिच्या वांग्यांतलं दाण्याचं कूट मी कायम धुतल्या तोंडानेच खाल्लं.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. काल बाटली आणली, पोळीभाजी केंद्रातून वांगीही आणली. ताटाशेजारी ग्लास ठेवला, एक घोट घेतला. आता कोण ओरडणार होतं?

तरीही उठलो. चूळ भरली आणि बेसिनपाशीच उभा राहिलो, आतून हाक येईपर्यंत थांबावं तसा.