लसणीची परीक्षा

परसातल्या फणसाखाली रातोरात एवढी मोठी अळंबी उगवली, की आमचा बोका तिच्या सावलीत झोपला. छत्री पांढरीशुभ्र, पण बुडाशी फाटक्या पिशवीसारखं काहीतरी; विषारी अळंबीची तीच खूण, असं ऐकलं होतं.

शेजारचे तात्या म्हणाले, "लसूण घालून शिजवा. लसूण काळी पडली नाही, तर बिनधास्त खा."

लसूण पांढरीच राहिली. बायकोनं शिजलेल्या अळंबीची वाटी माझ्या हातात दिली. जन्मभर आपण किती घास असे दुसऱ्याच्या शब्दावर गिळतो!

"तात्या, आधी तुम्ही घ्या."

"छे रे बाबा! मी अळंबीला शिवत नाही."

"का?"

"ही परीक्षा आमच्या वडिलांची. त्यांच्या शेवटच्या जेवणातही लसूण पांढरीच होती."

वाफाळती वाटी अजून माझ्याच हातात होती.