बायकांच्या अंगणातला फोटो

अमरावतीच्या राजापेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबांनी तो उभा केला, पंचवीसेक वर्षं चालवला, आणि मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा आला तेव्हा तो आम्हा दोघा भावंडांवर आला. खरं म्हणजे दादावर आला. पाटीवर बाबांच्या नावापुढे ‘अँड सन्स’ असं लिहिलेलं होतं. मुलगा एकच होता, दुसरी मी. पण रंगाऱ्याला तसंच सांगितलं गेलं होतं.

डार्करूममध्ये मात्र मीच वाढले. दादाला तिथल्या रसायनांच्या वासाने मळमळायचं. बाबा मला स्टुलावर उभं करून दाखवायचे, कागदावर चेहरा कसा उमटतो, कधी उचलायचा, कधी थांबायचं. दहावीत होते तेव्हा लग्नाचे अख्खे अल्बम मी एकटी धुवून काढत असे. पुढे बी. ए. झाले, सकाळी एका ट्यूशन क्लासमध्ये शिकवायला लागले, आणि दुपारपासून स्टुडिओत.

मग रोलचे दिवस संपत आले. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, “डिजिटल हाय का?” नाही म्हटलं की पायरीवरूनच परत. शिवाय वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस कधी नको तेव्हा यायचा. अंजनगावकडची, दर्यापूरकडची लग्नं आमच्याकडे ठरलेली असायची, ती सामूहिक विवाहाच्या मांडवात जायला लागली. लग्नातला खर्च कापायचा तर सगळ्यात आधी अल्बम कापला जायचा. स्टुडिओत एकच काम तेवढं कमी झालं नाही. लोक घरातल्या कर्त्या माणसांचे ओळखपत्रावरचे फोटो आणायचे आणि मोठे करून, हार घालायला फ्रेम करून न्यायचे. आम्ही काही विचारत नसू, ते काही सांगत नसत.

डार्करूमचं सगळं सामान विकून टाकायचं ठरलं. त्यात एक डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा, येत होता आणि वर थोडे पैसे उरत होते. महिनाभर मी पत्रकं वाचत होते. ट्यूशनवरून येताना दुकानात थांबून कॅमेरे हातात घेऊन बघत होते. माझं म्हणणं साधं होतं. एक चांगला डीएसएलआर घ्यावा, दोघांनी आलटूनपालटून वापरावा, उरलेले लेन्ससाठी ठेवावेत. लग्नघरात उजेड कमी असतो. छोट्या डबीएवढ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चेहरे पांढरेफटक करतो, डोळे लाल करतो, आणि बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत माणसाचं हसू मावळलेलं असतं.

दादा म्हणाला, “लग्नात दोन बाजू असतात. एका येळी दोन ठिकानी एक कॅमेरा कसा जाईन? मोठा मी घेतो, लहान तू घे.”

“मग मोठा मी कावून नाही घ्यायचा?”

तो हसला. बाबांकडे बघून म्हणाला, “बाबा, तुमीच सांगा आता.”

बाबा खाटेवर बसले होते. त्यांना आमचे चेहरे नीट दिसत नव्हते, नुसते आवाज येत होते. ते म्हणाले, “मोठा कॅमेरा पोराच्या गळ्यातच शोभते. लोकायले वाटलं पायजे ना, फोटोग्राफर आला म्हनून.”

ज्यांनी मला स्टुलावर उभं केलं होतं, ते हे बोलले. मला वाटलं होतं ते तरी थोडा विचार करतील.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने डीएसएलआर दादाच्या हातात दिला आणि माझ्यापुढे चंदेरी रंगाचा, विड्याच्या डबीएवढा कॅमेरा सरकवला. “ताईसाठी हा. एकदम हलका.” घरी आल्यावर तीन दिवस दादा मला विचारत होता की आयएसओ म्हणजे काय, हा आकडा कशाचा, तो कशाचा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. आज त्याचाच राग येतो. तेव्हा आला नव्हता.

दोन-तीन महिन्यांनी बाळापूरचं लग्न आलं. मुलीच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. बाबांचे ते जुने गिऱ्हाईक. घरात शेवटचं लग्न, म्हणून हात आखडता घेऊनही अल्बम मात्र ठेवला होता. मुलीची आई आधी स्वतः स्टुडिओत आली. पन्नाशीची, बुटकी, बोलायला मोकळी बाई. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले.

ती म्हणाली, “बेटी, हळदीच्या दिवशी आंगनात नुसत्या बाया राह्यतीन. तिथं कोनी मानूस नको. फोटो तू काढशीन, आन ते फोटो आमच्याच घरात राह्यतीन. आमच्या इकडं पडद्याचं लई बगतात. तुले समजून राह्यलं ना?”

मी म्हणाले, “खाला, माझ्याशिवाय कोणी पाहणार नाही.”

हे मी सहज बोलले. खोटं बोलायचं म्हणून नाही.

हळदीच्या दिवशी मी एसटीने अकोल्याला आणि तिथून बाळापूरला गेले. दुपारचे तीन वाजले असतील. अंगणावर पिवळी ताडपत्री ताणली होती आणि तिच्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखा पडत होता. फ्लॅशची गरजच नव्हती. मी तो बंद केला. पहिली दहा मिनिटं बायका पदर, ओढण्या सावरत होत्या. मग माझ्या हातातल्या त्या डबीला त्या विसरल्या. एक म्हातारी ढोलकी वाजवत होती. नवरीच्या मैत्रिणी तिच्या सासऱ्याच्या चालण्याची नक्कल करत होत्या. नवरी पाटावर बसली होती, दोन्ही हात हळदीने भरलेले, ओढणी मानेवर घसरलेली, आणि ती इतकी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता. हसू मावळण्याआधी फोटो मिळावा म्हणून बटण जरा आधीच दाबायचं, हे एव्हाना मला जमलं होतं. मी दाबलं.

तो फोटो मी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो आहे. अजूनही.

अमरावतीला आल्यावर मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड दादाला दिलं. अल्बमची जुळवणी कॉम्प्युटरवर तोच करत असे. मी त्याला सांगितलं, “हळदीचे फोटो बाहेर दाखवायचे नाहीत.” तो हो म्हणाला. मानसुद्धा वर केली नाही. लग्न झालं, अल्बम गेला, खालाने फोन करून दुवा दिली.

मग एका दुपारी ट्यूशनवरून येताना मी स्टुडिओच्या काचेपुढे थबकले. आत हसणाऱ्या नवरीचा फोटो लावला होता. भलामोठा, चौकटीत, वरून दिवा सोडलेला. रस्त्यावरची माणसं गाडी हळू करून बघत होती.

इथे मला खरं सांगायला पाहिजे. मी आत गेले आणि तो उतरव असं म्हणाले नाही. दादा म्हणाला, “कसा दिसते? दोन गिऱ्हाइकं तर तेवढ्यावरच आली.” मी म्हणाले, “चांगला दिसतो.” तोवर मी काढलेला एकही फोटो त्या काचेत कधी लागला नव्हता. त्यानंतर आठ-नऊ दिवस मी रोज पलीकडच्या फुटपाथवरून यायचे, म्हणजे तो लांबूनच दिसायला लागायचा. खालाला दिलेला शब्द मला आठवत होता. मनाशी म्हणायचे, बाळापूर इथून किती लांब आहे.

नवरीच्या सासरकडचा कुणी नातेवाईक अमरावतीला कामासाठी आला होता. त्याने तो पाहिला.

खाला आपल्या भावाला घेऊन आली. ओरडली नाही. आधी काचेपुढे उभी राहून तिने फोटो पाहिला, मग आत आली. दादा उठून म्हणाला, “फोटो इनंच काढला, इलेच विचारा. मले तर काई मालूमच नव्हतं.”

खालाने माझ्याकडे पाहिलं. “तुले मालूम होतं? लावला तवा तू पाह्यला होता?”

मी दादाचं नाव घेऊ शकले असते. पण तिने विचारलं होतं ते वेगळंच होतं, आणि त्याचं उत्तर एकच होतं. मी हो म्हणाले.

“रीळ दे मंग.”

“खाला, रीळ नसतं आता. कॉम्प्युटरमध्ये असतं.”

दादाने घाईघाईने सगळे फोटो तिच्यासमोर पुसून टाकले, कार्डही रिकामं केलं. ती पडद्याकडे बघत राहिली. पुसले म्हणजे काय झालं, हे तिला कळणार कसं? हातात घ्यायला काहीच नव्हतं. शेवटी तिच्या भावाने काचेतला फोटो चौकटीतून काढला, गुंडाळला, आणि दोघं गेली.

दादा म्हणाला, “उगाच तमाशा केला. एवढा चांगला फोटो होता.”

मुलीला सासरच्यांनी माहेरी आणून सोडल्याचं महिन्याभराने कळलं. मी बाळापूरला गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. खालाने दार उघडलं, मला ओसरीवरच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. मग म्हणाली, “पर्समंदी कॅमेरा हाय का?”

“नाही, खाला.”

“दाखव.”

मी पर्स उघडून तिच्यापुढे धरली. रुमाल, एसटीचं तिकीट, डबा. तिने वाकून नीट पाहिलं. दादाचा मोठा कॅमेरा असता तर दारातूनच दिसला असता. आतल्या खोलीत बांगड्यांचा आवाज झाला, पण बाहेर कुणी आलं नाही. मी माफी मागितली. खाला म्हणाली, “चहा थंडा होऊन राह्यला.” एवढंच. दोन-अडीच महिन्यांनी मुलगी परत नांदायला गेली असं ऐकलं. त्यापुढचं मला माहीत नाही, विचारायचा मला अधिकारही नव्हता.

बायकांच्या बाजूची कामं त्यानंतर येईनाशी झाली. अकोल्याची दोन लग्नं ठरली होती, त्यांनीही निरोप पाठवून नाही म्हणून सांगितलं. दादाचं नाव कुठेच खराब झालं नाही. तो पुरुषांच्या बाजूला होता.

काही वर्षांनी त्याने आणखी भारी कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर माझ्यापुढे ठेवला. “घे, तुले पायजे होता ना.” मी तो नाकारला असं लिहायला मला आवडलं असतं. मी घेतला. त्यावर शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो काढले, एका मुलामागे अर्धा मिनिट, निळ्या पडद्यापुढे. चांगला कॅमेरा होता. त्या कामाला तो लागत नव्हता.

बाबा तोवर गेले होते. बाळापूरचं त्यांना आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही. दादाकडे मी सणावाराला जाते. हा विषय निघाला तर तो आजही म्हणतो, गिऱ्हाईक उगाच तापलं होतं. मी वहिनीला स्वयंपाकात मदत करायला उठते.