मढीचा अंगारा

झुंबरबाई आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघाली ती चौऱ्याहत्तर सालच्या पौषात, आणि निघाली ती मुंबई बघायला नव्हे, पोराला परत आणायला. तिचा गोरक्ष बहात्तरची दिवाळी न करताच गाव सोडून गेला होता. सगळं गाव तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. “पाऊस पडला की येतो,” असं म्हणून तो एसटीत बसला. त्र्याहत्तरला पाऊस पडला, बाजरी आली, मळून झाली. गोरक्ष मात्र आला नाही. पत्रं यायची, ती ‘मी खुशाल आहे’ यावर आटपायची.

तिचा नवरा आबासाहेब तापट गडी. नऊ एकर रान पुढे कोण कसणार, या घोरानं त्याची झोप उडाली होती. पण पोरापुढं स्वतः जाऊन नमतं घेईल तर तो आबासाहेब कसला! त्यानं बायकोलाच पिटाळलं.

“मढीचा अंगारा संगं ने. त्याच्या हातावर ठेव आन् परत यायची शपथ घ्यायला लाव. मंग बघू कसा ऱ्हातो तिकडं.”

पाथर्डीच्या त्या पट्ट्यात मढीच्या कानिफनाथाचा अंगारा हातावर घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. चावडीवर न मिटलेली बांधाची भांडणं अंगाऱ्यावर मिटतात. झुंबरबाईनं पुडी कमरेच्या पिशवीत खोचली आणि दीड दिवसाचा प्रवास करून ती बोरिवलीला उतरली.

गोरक्ष तिथल्या जंगलातल्या रोपवाटिकेत कामाला होता. पोरगं अंगानं भरलं होतं, हसत होतं. ते पाहून तिला इतका आनंद झाला की तीन दिवस पुडी सोडायचं धाडसच झालं नाही. आणि खरं सांगायचं तर या आनंदाचा तिला रागही येत होता. आपल्यावाचून हा इतका सुखात कसा?

रविवारी गोरक्ष म्हणाला, “आये, चल, तुला डोंगर दावतो. लेणी हायेत तिथं.”

“डोंगर बघायला मुंबईला आले व्हय मी? आपल्याकडं काय डोंगरांचा तुटवडा हाय?”

पण तो डोंगर बघून तिची बोलतीच बंद झाली. डोंगर म्हणजे उघडाबोडका, शेळ्यांनी ओरबाडलेला, एवढंच तिला ठाऊक. इथं तर साग, ऐन, बांबू, वेली, सावली इतकी की पौषातल्या दुपारी अंगावर शहारा यावा. आणि एवढ्या मोठ्या शहराच्या उशाशी हे रान! गोरक्ष वाटेवरच्या झाडांची नावं सांगत होता. मधेच एका रोपापाशी उकिडवा बसला, बोटांनी आळं नीट केलं, माती चिमटीत घेऊन चोळली. आबासाहेब पेरणीआधी अगदी अशीच माती चोळून बघायचा.

चढताना तिला जुनं सगळं आठवत होतं. पाच वर्षांचा गोरक्ष बापाच्या खांद्यावर बसून मढीचा गड चढायचा, रेवड्यांसाठी भोकाड पसरायचा. खडीच्या कामावर दुपारी सुकडी मिळायची, तेव्हा मायलेक एकाच भगुन्यात हात घालायचे. हात सोलवटलेले, डोक्यावर ऊन, तरी ते दिवस तिला आता हवेहवेसे वाटत होते. पोरगं शेजारी होतं ना!

वर लेण्यांपाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसली. आत गार, स्वच्छ पाणी. ती ओंजळ भरून पाणी प्यायली आणि एकदम चिडलीच.

“ह्यांनी दगड फोडून पानी साठवलं, आन् आमी दगड फोडून रस्त्यावर पसरला! कुनाला अक्कल न्हवती का?”

गोरक्ष हसला. पुढं मोठ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीतून कोरलेली दोन-तीन पुरुष उंचीची मूर्ती होती. शांत चेहरा, खांद्यापर्यंत लोंबणारे कान, एक हात खाली सोडून तळवा उघडा ठेवलेला. झुंबरबाईनं चपला काढल्या, पदर सावरला आणि लोटांगणच घातलं.

“नाथबाबा! तुमी हितं व्हय?”

“आये, ह्ये नाथ न्हाईत. बुद्ध हायेत.”

“मला शिकवतो? कान बघ की. कानिफनाथाबिगर असले कान कुनाचे?”

गोरक्षनं वाद घातला नाही. तिची तर खात्रीच झाली की नाथच तिच्या मदतीला इथवर आला. आता वाट बघायची नाही. तिनं पुडी काढून सोडली.

“हात कर पुढं. बापानं सांगितलंय.”

अंगारा बघताच गोरक्षचा चेहरा उतरला. या शपथेचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. त्यानं हात पुढं केला.

“तू म्हनशील तर घेतो शपथ. येतो मी. पन आये, माझं मन हितं लागलंय. मी लावलेलं झाड जगतं गं हितं.”

झुंबरबाईनं चिमूट उचलली. पोराच्या तळव्यावर मघाच्या रोपाची माती अजून होती. एक शब्द काढायचा अवकाश, पोरगं घरी आलं असतं, नऊ एकरात राबलं असतं आणि दर उन्हाळ्यात आभाळाकडं बघत बसलं असतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं तो अंगारा त्याच्या कपाळाला लावला, गावाहून निघणाऱ्याला लावतात तसा.

“सुखी ऱ्हा,” एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी ती गावच्या फाट्यावर उतरली तेव्हा आबासाहेब बैलगाडी घेऊन उभा होता. गाडीत दोघांना बसायला घोंगडी अंथरली होती. त्यानं तिच्या मागं एसटीच्या दाराकडं पाहिलं. दार लागलं, एसटी गेली.

“न्हाई म्हनला का?”

“येतो म्हनला. अंगाऱ्यावर हात बी धरला.”

“मंग?”

“मीच आनला न्हाई.”

आबासाहेब गाडीत चढला आणि तिला वर घ्यायला त्यानं हात दिला.