धोंडबाच्या फोटोवरचा लांब हार

सुजातानं भिंतीवरचा धोंडबाचा फोटो उतरवला आणि तिचा सासरा जानराव खाटेवरून उठून उभा राहिला.

सून गुणाची, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तडीस नेणारी. महिनाभर भिलाईतल्या रुआबांध्याच्या घरात तिचा एकच उद्योग चालला होता. जुने फोटो मोठ्या जाड कागदांच्या वहीत चिकटवायचे आणि खाली लिहायचं, कोण, कुठलं गाव, कोणतं वर्ष. पोरं हिंदीत वाढली, म्हणून काय पणजोबाही ओळखू नयेत, असं तिचं म्हणणं. जानरावही रंगात येऊन सांगायचा, ही नंदिनी गावची सहल, हे तुह्या नवऱ्याचं नामकरण. बापाच्या फोटोचं निघालं की मात्र "मंग पाहू" म्हणून विषय टाळायचा.

कारण त्या फोटोत बाप नव्हताच. त्यात जानराव स्वतः होता.

बाप धोंडबा साकोलीकडच्या गावात वारला, तो जन्मात एकही फोटो न काढता. पुढं माय, पंचफुला, भिलाईला लेकाकडे राहायला आली. शेजाऱ्यांच्या भिंतींवर हार घातलेले वडीलधारे, आणि हिच्या भिंतीवर नुसता खिळा. "तुह्या बापाचं तोंडबी आठवून नाही राहिलं मले," एकदा ती म्हणाली आणि रडली.

जानराव तेव्हा प्लांटात फिटर होता. गाव म्हणायचं, पोरगा बापाचा छापा आहे. मग काय, शिफ्ट सुटल्यावर गडी थेट स्टुडिओत. उसनं धोतर, पागोटं, मिशांना पावडर, हात मांडीवर आणि चेहरा बापासारखा तिरसट. मायला सांगितलं, काकाच्या पेटीत सापडला. मायनं फोटो बराच वेळ निरखला. चार दिवसांनी चंदनाचा हार घातला. मग मरेपर्यंत त्या फोटोशी बोलायची, मनात आलं तर भांडायचीही. जानरावला ऐकून बरं वाटायचं आणि लाजही वाटायची.

आता सुजातानं हार काढून काच पुसली आणि ती थांबली.

"मामाजी, आजोबा तर शेतकरी होते ना? मग हातात घड्याळ?"

जानरावनं चष्मा लावून पाहिलं. डाव्या मनगटावर त्याचंच घड्याळ होतं, चांगलं ठळक. धोतरापासून पावडरीपर्यंत सगळं सुचलं होतं शहाण्याला, घड्याळ तेवढं काढायचं राहिलं. तेव्हा तो नुसता चेहराच पाहत बसला होता.

"आणि हे पाहा, दोन हार जोडलेत एकाला एक. हातानं शिवलेत."

जानराव खाटेवर बसला. इतका लांब हार कावून माय, असं त्यानं एकदा विचारलं होतं. "राहू दे, शोभते त्याले," ती म्हणाली होती. हार बरोबर मनगटापर्यंत यायचा, घड्याळ झाकून. म्हणजे मायनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं सुनेला सगळं सांगून टाकलं.

सुजाता पेन हातात धरून बसली होती. "मग खाली काय लिहू?"

"खरं आहे ते लिही. घड्याळाचंबी लिही," जानराव म्हणाला. "पण पहिले हार घाल अन् मंग हारासकट नवा फोटो काढून चिकटव. मायनं झाकलं ते मी नाही उघडं पाडत."