टोमॅटोचा पिकअप आणि बारावीचा निकाल

आम्ही दोघं इंजिनिअरिंगला होतो आणि अवसरी खुर्दला खोली करून राहत होतो. शिकत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. माझा जोडीदार माळशेज घाटाजवळच्या मढ गावचा. त्याचे वडील नारायणगावच्या मार्केटातला टोमॅटो पिकअपमध्ये भरून माळशेज उतरायचे आणि कल्याणला टाकून परत यायचे. मुलगा खोलीवर बसून परदेशी ट्रकचा गेम खेळायचा. त्या गेमातले रस्ते सरळ, पट्टे पांढरेशुभ्र, सिग्नलला सगळे थांबतात, आणि शंभर मैल गेलं तरी एक म्हैस आडवी येत नाही. महिन्याभरात तो कंटाळला.

"राव, ह्याच्यात माळशेज टाकला तर?" तो म्हणाला.

जगभर रिकामटेकडी पोरं अशा गेमांना जोड देत होती. कुणी नवी गाडी टाकायचं, कुणी नवा रस्ता. या जोडकामाला मॉड म्हणतात, आणि ते करणाऱ्याला आपण मोठे इंजिनिअर आहोत असं वाटतं. परीक्षेला न बसताही तसं वाटायची ती एकच सोय आमच्याकडं होती, म्हणून आम्ही कामाला लागलो.

जोडीदार उसना डिजिटल कॅमेरा घेऊन वडिलांच्या शेजारी बसून घाट उतरला. त्यानं कठड्यांचे, दरडींचे, खड्ड्यांचे, भजीच्या टपरीचे फोटो काढले. वडिलांना काळजी वाटली.

"लोक धबधब्याचे फोटो काढत्यात, आन ह्यो खड्ड्याचे काढतोय," ते मला म्हणाले. "तुमच्या कालेजात काय शिकवत्यात नेमकं?"

मी म्हटलं, "काका, प्रोजेक्ट आहे." प्रोजेक्ट म्हटलं की कुठलाही बाप गप्प बसायचा. फार उपयोगी शब्द होता तो.

वर्षभर कॉलेज बुडवून आम्ही घाट बांधला. सरकारी ठेकेदारापेक्षा लवकर बांधला आणि खड्डे मात्र त्याच्याइतकेच प्रामाणिकपणे ठेवले. पिकअपला खरा हॉर्न होता, मागं क्रेट होते, जोरात वळवलं तर टोमॅटो सांडायचे. पण जोडीदारानं प्रत्येक दगडाचा वेगळा फोटो चिकटवल्यामुळं फाइल इतकी फुगली की एका सीडीत मावेना. आता ही धोंड जगाला द्यायची कशी?

फुकट फाइल ठेवून घेणाऱ्या साइटी होत्या. त्यांना एवढी मोठी फाइल चालायची नाही, आणि जिला चालायची तिथं कॉलेजच्या लॅबमधून चढवता चढवता लाइट जायची. लाइट आली की पहिल्यापासून चढवायचं. मॉडवाल्यांच्या एका फोरमवर कुणीतरी सुचवलं, टोरंट करा.

टोरंट म्हणजे आमच्या पश्चिम भागातली भातलावणीची सावड, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. फाइलीचे बारीक तुकडे होतात. ज्याच्या हाती जो तुकडा आला, तो त्यानं दुसऱ्याला द्यायचा आणि आपल्याला नसलेला दुसऱ्याकडून घ्यायचा. एकट्यावर भार नाही. सावडीत असतात तसे इथंही स्वतःची लावणी उरकली की पाठ दुखायला लागणारे लोक असतातच. पण अट एकच. निदान एकाकडं तरी सगळी फाइल पोचेपर्यंत पहिल्या माणसाचं मशीन चालू पाहिजे. आमच्या खोलीत फोनची लाइनच नव्हती आणि कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद व्हायची.

म्हणून आम्ही हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून मंचरच्या सायबर कॅफेत गेलो. कॅफेचा मालक मोठा काळाबरोबर चालणारा माणूस. नव्वद सालाच्या सुमारास त्याच जागेत त्याचं व्हिडिओ पार्लर होतं, मग एसटीडी बूथ झाला, मग कॅफे. पाट्या बदलल्या, पंखा तोच राहिला. टोरंट हा शब्द ऐकून तो खुर्चीतून उठला.

"ते चोरीचं काम आहे. आपल्या दुकानात नाय चालणार," तो म्हणाला.

त्याच्या डोक्यामागं त्या शुक्रवारी लागलेल्या सिनेमाच्या सीड्या दोरीला लटकत होत्या. आम्ही तिकडं बघितलं. त्यानंही वळून बघितलं आणि म्हणाला, "ते वेगळं."

"पण भाऊ, हे आम्हीच बनवलंय," जोडीदार म्हणाला. "सवताचीच चोरी कशी करनार आमी?"

यावर त्यानं बराच विचार केला. शेवटी असं ठरलं की आम्ही त्याच्या सगळ्या मशीनमधले व्हायरस काढायचे आणि त्यानं कोपऱ्यातलं एक मशीन आमच्या फाइलीसाठी चालू ठेवायचं. व्हायरस काढून आमचे हात दुखले. मालकाचे विकायचे सिनेमे नेटवरून त्याच मशीनवर उतरत होते, त्यामुळं काढलेला व्हायरस संध्याकाळी परत घरी यायचा.

पण सावड सुरू झाली. पोलंडचा एक, ब्राझीलचे दोघं, असे करत बरेच जण जोडले गेले. आकडा रोज मुंगीच्या पावलानं चढायचा आणि आम्ही रोज मंचरला जाऊन त्याचं तोंड बघायचो. जोडीदार तर पोलंडच्या माणसाबद्दल घरच्यासारखं बोलायला लागला. "आज आपला पोलंडवाला जरा मागं पडलाय," वगैरे.

सगळे अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आले आणि बारावीचा निकाल लागला.

निकाल दुपारी नेटवर येणार होता. मंचरमधले आणि आसपासच्या वाड्यांमधले यच्चयावत पालक कॅफेत घुसले. मुलं बाहेर उभी होती, कारण आत काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. मालक बैठक क्रमांक टाकायचा आणि पडद्यावर पांढरं पान गोल गोल फिरत राहायचं. अर्धा तास झाला. घाम, अत्तर आणि पेढ्यांचा वास एकत्र झाला. काही आशावादी लोक पेढे आधीच घेऊन आले होते.

तेवढ्यात कुणालातरी कोपऱ्यातलं आमचं मशीन दिसलं. त्यावर हिरवे पट्टे ऐटीत हलत होते.

"ह्ये काय चालू हाय?" पांढऱ्या टोपीतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

जोडीदाराचा स्वभाव खरं बोलायचा. "टोमॅटोचा पिकअप जातोय," तो म्हणाला. "पोलंडला."

गृहस्थांनी पडद्याजवळ जाऊन बघितलं. मग सगळ्यांना एकदम समजलं की मंचरचं नेट पोलंड खातंय. मालकानं आम्हाला जन्मात न बघितल्यासारखा चेहरा केला आणि मशीनची वायर भिंतीतून उपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे पुन्हा पडद्याकडं वळले.

पांढरं पान फिरतच होतं.

पुण्याला फोन लावला, तिथंही तेच. सगळ्या राज्याचे आईबाप एकाच दारातून आत घुसायला बघत होते आणि दार कोंदलं होतं. मालक म्हणाला, "वरूनच बंद आहे." पण एकदा गुन्हेगार सापडल्यावर वरचं कोण ऐकतो? संध्याकाळी निकाल उघडला आणि टोपीवाल्या गृहस्थांचा मुलगा गणितात गेलेला निघाला. ते थेट आमच्याकडं आले.

"तुमच्या त्या टोरंटमुळं माझ्या पोराचं वरीस वाया गेलं."

"काका, पेपर तर मार्चमध्ये झाला," मी म्हणालो.

"मग तवापासनं चालू आसंल तुमचं!"

मुलगा बाहेर उभा राहून हे ऐकत होता. बापाचा हात आपल्यावर न पडता दुसरीकडं वळतोय हे बघून त्याच्या तोंडावर अशी काही कृतज्ञता आली की मी पुढं वादच घातला नाही.

कॅफे आम्हाला बंद झाला. तिकडं जगभरचे लोक अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकले. सगळ्यांकडं तेच तुकडे, आणि उरलेले मंचरच्या बंद मशीनमध्ये नाहीतर आमच्या बिनफोनच्या खोलीत. फोरमवर आम्हाला अनेक भाषांत शिव्या पडल्या. बारावीचा निकाल म्हणजे काय हे आम्ही समजावायचा प्रयत्न केला. ब्राझीलच्या एकानं विचारलं, तुमच्या देशात परीक्षा वर्षभर चालतात का? दुसरा म्हणाला, हे दोघं मेले असावेत. जोडीदाराला जेवण जाईना.

आणि अचानक मालकाचाच निरोप आला. या, लावा तुमचं ते मशीन.

आम्ही गहिवरलो. माणूस शेवटी चांगला असतो वगैरे एकमेकांना सांगत मंचरला पोचलो. मालकानं चहा मागवला, वायर लावली, वर सहज विचारलं, "हा गेम मशीनवर बसवायचा कसा, जरा दाखवा की." आम्ही अर्धी दुपार घालवून त्याला इत्थंभूत शिकवलं. त्यानं ते दोनदा करूनही बघितलं. एवढा जिज्ञासू विद्यार्थी आमच्या वर्गात एकही नव्हता, आम्ही दोघं धरून. दोन दिवसांत पोलंडच्या माणसाकडं सगळी फाइल पोचली आणि पुढं सावड आमच्यावाचून चालली.

महिन्याभरानं कॅफेत सिनेमांच्या शेजारी नवी सीडी लटकू लागली. कव्हरवर धबधबा, एक सिनेमातली बाई आणि ठळक अक्षरांत 'माळशेज गेम'. खाली बारीक अक्षरांत, 'कॉपी करणे कायद्याने गुन्हा आहे.'

जोडीदार भांडायला गेला. मालक शांतपणे म्हणाला, "तुम्ही पोलंडला वाटलं, मी मंचरला वाटतोय. गावाकडं कोणी बघायचं?"

फाइल एका सीडीत मावत नव्हती, म्हणून त्यानं दोन सीड्या केल्या होत्या आणि दोन्ही सुट्या विकत होता. एकीत पिकअप, दुसरीत घाट. तक्रारी आल्या की तो आमच्या खोलीचा पत्ता द्यायचा. पहिला आला तो घोडेगावचा एक दुकानदार, भाच्याला घेऊन.

"पावणं, गाडी लई झ्याक पळतीया," तो म्हणाला. "पर घाट कुठं हाय? टमाटी घेऊन गोऱ्यांच्या देशात हिंडतोय आमी."

आम्ही घाटाची फाइल सीडीवर टाकून त्याच्या हातात ठेवली. घ्या, पैसे नकोत, म्हणालो. त्यानं सीडी उलटून बघितली. तिला कव्हर नव्हतं, बाई नव्हती, धबधबा नव्हता.

"फुकट?" तो म्हणाला, आणि सीडी हळूच आमच्या टेबलावर परत ठेवली. "नगं. डुप्लिकेट आसंल. आमी मंचरलाच ओरिजनल घेतो."