निम्मेमामा गाडी घ्यायला जातात

निम्मेमामांना सोबत घेतल्याशिवाय त्यांच्या घराण्यात कुणी साधी बादलीसुद्धा विकत घेत नसे. कपाट घ्यायचंय? मामांना बोलवा. पंखा घ्यायचाय? मामांना विचारा. दुकानदारानं भाव सांगितला की मामा शांतपणे "निम्म्यात द्या" म्हणतात आणि समोरच्याला घाम फुटतो, अशी त्यांची ख्याती होती. आता हे "निम्म्यात द्या" प्रत्यक्ष कुणी ऐकलं होतं का? कुणीही नाही. पण नाव पडायला ऐकीव गोष्टही पुरते, आणि एकदा पडलेलं नाव पुसायला अख्खा जन्म पुरत नाही.

गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी हा माणूस पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायचा. तिथे बिलावर छापून येईल तो आकडा, एक पैसा इकडचा तिकडे नाही. लोक गयावया करायचे आणि मामा आतून मान हलवून सांगायचे, "माझ्या हातात काही नाही हो." दिवसभरात हे एक वाक्य तरी ते अगदी खरं बोलत.

कारण घासाघीस मामांना येतच नव्हती. दुकानदारानं दोनदा "परवडत नाही साहेब" म्हटलं की मामांनाच त्याची कीव यायची. सगळं सुरू झालं ते धाकट्या बहिणीच्या शिलाई मशीनपासून. तिच्याकडे साठवलेले पैसे कमी पडत होते आणि भावाकडून पैसे घ्यायला ती तयार नव्हती. मामा एकटेच दुकानात गेले, बराच वेळ घुटमळले, शेवटी उरलेले पैसे आपल्या खिशातून भरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "केले त्यानं कमी." बहिणीचा चेहरा असा काही फुलला, की मामांना खरं सांगवेना. दिलेले पैसे घेताना माणूस ओशाळतो. सवलत मात्र ताठ मानेनं घेता येते.

तिथून मामा फसले ते फसलेच. मग मावसभावाची सायकल आली, चुलत्यांचा पंखा आला, बहिणीचा फ्रिज आला. मामांची पद्धत ठरलेली. "तुम्ही सगळे बाहेर थांबा. गिऱ्हाईक गरजू दिसलं की दुकानदार ताठतो," असं म्हणून ते एकटे आत जात आणि घटकाभरानं कपाळ पुसत बाहेर येत. घाम खरा असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते ठीक आहे, पण ती झाकून ठेवायचा खर्च मामांच्या पगारातून जात होता. ते स्वतः बसनं कामावर जात आणि चपलेला नवा तळ लावून घेत.

आणि आता भाचीला गाडी हवी होती. हीच ती बहिणीची मुलगी. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करून द्यायचं तिचं काम. शेक द्यायचं जड यंत्र स्कूटरवरून वाहून वाहून दुसऱ्यांचे खांदे बरे करणाऱ्या पोरीचा स्वतःचाच खांदा गेला होता. म्हणून छोटी गाडी, सगळ्यात स्वस्तातली, मागे यंत्र मावेल एवढीच. बँकेनं कर्ज मंजूर केलं, पण चाळीस हजार कमी पडत होते.

"त्याची काय काळजी? दादा आहे ना!" बहीण भरल्या घरात म्हणाली. "चाळीस हजार तर तो बोलता बोलता उतरवेल."

"अगं, गाड्यांचे भाव कंपनी ठरवते," मामा म्हणाले. "तिथे माझं काय चालणार?"

"फ्रिजच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास," बहीण म्हणाली, आणि सगळे हसले. मामांनी नाही म्हणावं आणि लोकांनी त्यांना आणखी वर चढवावं, हे आता नेहमीचंच झालं होतं.

मामांनी चार रात्री हिशेब केला. घरात तेवढे पैसे होते, पण ते बायकोच्या दातांचे होते. बाई वर्षभर एकाच बाजूनं चावत होती, आणि नवे दात बसवायला डॉक्टरनं पुढचा महिना दिला होता. गाडी घ्यायला जायच्या सकाळी मामांनी त्या पैशांचं पाकीट कपाटातून काढून आतल्या खिशात घातलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ती काय एकदाच वाटली असं नाही, जिना उतरेपर्यंत वाटत राहिली.

"आज त्या गाडीवाल्याचं काही खरं नाही," बायको दारात उभी राहून हसली. दात दिसू नयेत म्हणून हल्ली ती तोंडावर हात धरून हसायची.

शोरूम म्हणजे नुसती काच. बाहेर थांबा म्हणायला तिथे बाहेर असं काही नव्हतंच. रस्त्यावरून आतलं दिसत होतं, आतून मॅनेजरची केबिन दिसत होती, आणि केबिनमधून परत रस्ता. मामांना आत पाऊल टाकताच काचेच्या बरणीत पडल्यासारखं झालं. भाची त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"मामा, आज मी इथेच बसणार हं. इतकी वर्षं ऐकतेय, आज बघायचंय तू नक्की काय करतोस ते."

"तू जरा ती गाडी बघून ये ना," मामा म्हणाले.

"पाठ आहे मला ती गाडी."

विक्रेता आला. गळ्यात टाय, हातात कागदी पेल्यांतली कॉफी. त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गाडीची किंमत, विमा, नोंदणी, चटया, अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून काहीतरी लेप. बेरीज खाली ठळक अक्षरात. मग त्यानं मामांकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम जुनी ओळख पटल्यासारखा झाला.

"तुम्ही!" तो म्हणाला. "मॅडम, हे तुमचे मामा? मग संपलंच. यांच्यापुढे आमचं काय चालणार?"

भाची अभिमानानं फुलली. "ओळखता तुम्ही?"

"मी आधी फ्रिजच्या दुकानात होतो ना. यांना कोण विसरेल?" तो उठला. "साहेब, तुम्ही जरा केबिनमध्ये या. मॅडम, तुम्ही तोवर गाडीत बसून बघा. आमची लढाई तुम्हाला बघवणार नाही."

केबिनचं दार लागलं. भिंतीवर एक फळा होता, त्यावर विक्रेत्यांची नावं आणि पुढे महिन्याभरात विकायच्या गाड्यांचे चौकोन, गाडी विकली की भरायचे. टायवाल्याच्या नावापुढचा शेवटचा चौकोन रिकामा होता आणि महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. मामांनी फळा पाहिला, पण त्यातून काही सुचायला माणूस वेगळा लागतो.

"बोला साहेब, किती सांगू मॅडमना?" टायवाला खुर्चीत रेलून म्हणाला. "तीस? चाळीस?"

"चाळीस हवेत," मामा म्हणाले. "पण या वेळी खरे कमी करा. मुलगी कष्टाची आहे हो."

"आपली जुनी पद्धत आहे की. बाहेर जाऊन मी रडतो, चाळीस कमी केले म्हणून सांगतो. तुम्ही मला इथे चाळीस द्या. फ्रिजच्या वेळी कसं बिनबोभाट झालं!"

"खरंच काहीच कमी होत नाही का?"

टायवाला हसला. वाईट माणूस नव्हता तो, नुसता निर्धास्त होता. "होतं ना. महिनाअखेर आहे, मॅनेजरनं मोकळीक दिलीये. पण तुम्ही असताना ती कशाला वापरू? ती मी भांडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो."

मामांचा हात आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. बाहेर काचेपलीकडे भाची पांढऱ्या गाडीत बसली होती. तिनं आरसा आपल्या बाजूला वळवून घेतला, दुखरा खांदा हळूच मागे टेकवला आणि मामांकडे बघून हात हलवला. इकडे आड, तिकडे विहीर. पैसे द्यावेत तर बायकोचे दात जातात, न द्यावेत तर पोरीची गाडी जाते, आणि खरं सांगावं तर मामा जातात. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना भयंकर राग आला. टायवाल्याचा आला, बहिणीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आपण लोकांवर उपकार केले असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. खरं तर पुऱ्या भावात माल घेणारं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक म्हणून बाजार त्यांना ओळखत होता.

ते तसेच दार उघडून बाहेर आले. टायवाला मागोमाग धावला. भाची गाडीतून उतरून पुढे आली.

"झालं?"

"नाही झालं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा होता, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "मला जमत नाही. कधीच जमलं नाही. मी आजवर कुणाचा एक पैसा कमी करून आणलेला नाही. सगळे माझ्या खिशातले भरले. तुमचा फ्रिजसुद्धा. आज माझ्याकडे आहेत ते तुझ्या मामीच्या दातांचे आहेत, आणि ते मी देणार नाही. या माणसाला विचार, याला सगळं ठाऊक आहे!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

भाचीनं टायवाल्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

आता टायवाला खरं आहे कसं म्हणणार? मॅनेजर चार पावलांवर उभा होता. "छे छे," तो म्हणाला, "असं कुठे असतं का मॅडम! मामा काहीतरीच बोलतायत."

भाचीनं मामांकडे पाहिलं, मग टायवाल्याकडे, मग परत मामांच्या ओल्या डोळ्यांकडे. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं, आणि ते समजूत पटल्याचं नव्हतं. ते कौतुक होतं.

"चल मामा," ती कडक आवाजात म्हणाली. "एवढ्या वयाच्या माणसाला रडवतात, आणि वर खोटं पाडतात. नको आपल्याला यांची गाडी."

तिनं मामांचा दंड धरला आणि तरातरा दाराकडे चालू लागली. "अगं, पण मी खरंच..." मामा म्हणाले. "बोलू नकोस, बरोबर चाललंय," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

दोघं फुटपाथवर पोचेपर्यंत टायवाला धापा टाकत मागे आला. रिकामा चौकोन त्याला दिसत असणार. "मॅडम, चाळीस कमी करतो! मॅनेजर तयार आहेत." भाची थांबली नाही. "चटया आणि लेपही फुकट!" तेव्हा कुठे ती थांबली.

सह्या झाल्या. पाकीट मामांच्या खिशात होतं तसंच राहिलं. बायकोला दात मिळणार, पोरीला गाडी मिळणार. मामांना आनंद झाला नाही असं नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि फुटपाथवर उभं राहून त्यांनी मोठा श्वास घेतला. आपण खरं बोललो आणि कुणी मेलं नाही, असंही त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात भाचीनं आईला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, तू असायला हवी होतीस! मामानं काय केलं माहितीये? सगळ्यांसमोर रडला! म्हणाला, मी आयुष्यात कधी भाव कमी केला नाही, सगळे पैसे माझ्या खिशातले भरले, हे मामीच्या दातांचे पैसे आहेत! तो टायवाला नुसता पांढराफटक! आता कळलं हा आपल्याला बाहेर का उभं करतो ते. आपल्याला हसू आवरलं नसतं!"

पलीकडे बहीण खो खो हसत होती. "दातांचे पैसे! दादा, कुठून सुचतं रे तुला?"

"मी खरं सांगत होतो," मामा फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. "एकूण एक शब्द खरा होता. देवाशप्पथ."

"ऐकलंस आई? अस्साच आवाज! अगदी अस्साच!"

मग बहिणीचा नवरा फोनवर आला. "दादा, मानलं तुम्हाला. बरं, या रविवारी मोकळे आहात ना? आम्ही घर बघतोय. मालक फार अडून बसलाय. मी त्याला सांगून ठेवलंय, आमचे दादा येतायत म्हणून."

"मला जमणार नाही," मामा म्हणाले. "खरंच सांगतो, हात जोडतो. मला यातलं काही येत नाही."

पलीकडून हसण्याचा असा लोंढा आला, की रस्त्यानं जाणारी बाई वळून बघायला लागली. भाची तर पोट धरून खाली वाकली होती. "सुरू झाले!" बहिणीचा नवरा हसत ओरडत होता. "घराचा मालक अजून समोर आला नाही, आणि दादा सुरूसुद्धा झाले!"

मामांनी अजून एकदा तोंड उघडलं. काय म्हणायचं राहिलंय, याचा त्यांनी विचार केला. काही राहिलं नव्हतं. सगळं खरं होतं ते सांगून झालं होतं.

"रविवारी किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.